खाली पडलेलं गेज

५ नोव्हें., बुधवार

मामाच्या घरी येऊन आज तीन महिने झाले. एका जागी इतके दिवस मी फक्त पचमढीच्या हॉटेलात टिकलो होतो, आणि तिथूनही निघालो ते एका कुत्र्यामुळे. ती गोष्ट वेगळी.

सकाळी कोपऱ्यावरून राकेश भैयाच्या स्कूटरवर मागं बसून रिछाईला, कारखान्यांच्या भागात. छोटं वर्कशॉप, पंपाचे बुश बनतात, म्हणजे आतून भोक असलेल्या छोट्या नळ्या. भैया लेथवर भोक करतो, मी तपासतो. मामा खमरियाच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं एक्झामिनर होता, माल तपासून ठप्पा मारायचा. त्याच्या नावावर ही जागा मिळाली, नाहीतर अर्धवट आयटीआयवाल्याला कोण विचारते.

माझं सगळं काम एका गेजवर. बोटाएवढा स्टीलचा दांडा, दोन टोकांचा. एक टोक भोकात गेलं पाहिजे. दुसरं, लाल पट्ट्याचं, जायला नको. लाल आत गेलं म्हणजे भोक मोठं झालं, माल बाद. बस. भैया म्हणतो, "ये काम तो बंदर भी कर ले। मगर बंदर मोबाइल नहीं देखता न।"

संध्याकाळी घरी शास्त्राचा अभ्यास. आम्ही तिघं (मामा, मामी, मी) आणि शेजारच्या विमलाबाई, रिटायर्ड नर्स. मामानं बायबलातलं शेवटच्या काळाबद्दलचं पत्र घेतलं आहे, नाताळाआधीच्या आगमनाच्या रविवारपर्यंत चालवणार. मी खुश होतो. वाटलं, आता जगाच्या शेवटाचा पशू येणार, आकडा येणार, चिन्ह येणार. पण मामा तासभर एकाच जागी: ज्या मंडळीला हे पत्र लिहिलं तिच्यात कोणी तरी प्रेषिताच्या नावानं खोटं पत्र फिरवलं, की प्रभूचा दिवस येऊनही गेला. लोक घाबरले. काहींनी तर कामधंदा सोडून दिला.

"म्हणजे व्हॉट्सॲपवाले तेव्हाही होते," विमलाबाई.

"म्हणूनच प्रेषितानं शेवटी आपल्या हातानं सही केली. हीच माझी खूण म्हणून. आमचा ठप्पा असायचा तसा," मामा म्हणाला आणि एकटाच हसला.

पशू नाही आला.

६ नोव्हें., गुरुवार

पशू मोबाइलवर सापडला. लाल टोपीवाला एक भाऊ, मागं आगीचं चित्र. म्हणतो, सगळ्यांना फसवणारा तो जन्मून चुकला आहे, वय तिसाच्या आसपास, आणि सात निशाण्या पुऱ्या झाल्या. जेवणानंतर काम करता करता पाहून राहिलो होतो. सहाव्या निशाणीला गेज हातातून सुटलं. खाली काँक्रीट. उचललं, पँटला पुसलं, चालू. सातवी निशाणी ऐकू आली नाही, परत लावावी लागली.

भैयाला तिसाचं सांगितलं. तो म्हणे, "तीस का तो मैं भी हूँ। पहले बोलता, दाढ़ी बना के आता।"

परतताना नाल्याच्या तारेवर किंगफिशर. पाठ इतकी निळी की मी भैयाचा खांदा दाबून गाडी थांबवली. त्याला वाटलं काही पडलं. शिव्या दिल्या. मग त्यानंही पाहिला.

९ नोव्हें., रविवार

चर्चमधून सरळ घरी यायचं होतं. तिलवाराला गेलो, नर्मदेवर. उकडलेले शिंगाडे खाल्ले. मामीनं जेवण झाकून ठेवलं होतं, वरून बोलणी: "तुझे पाय देवानं उलटे लावले का रे? घर सोडून सगळीकडे जातात."

१२ नोव्हें., बुधवार

आज गाडी मुद्द्यावर आली. तो अधर्मी माणूस येईल, खोटे चमत्कार दाखवील, आणि फसतील कोण? ज्यांनी सत्याची आवड धरली नाही ते.

मी लाल टोपीवाल्याच्या सात निशाण्या काढल्या. मामानं ऐकून घेतल्या. मग म्हणे, "फॅक्टरीत नवीन पोरं यायची. म्हणायची, साहेब, खराब पीस कसे कसे असतात ते दाखवा. मी म्हणायचो, खराब हजार तऱ्हेचे असतात, जन्म जाईल. तू चांगला एक पाहून ठेव. आणि आपलं गेज सांभाळ."

मामी मटर सोलून राहिली होती (पहिला मटर आला बाजारात). ती मधेच: "पण आवड काहून लिहिलं? सत्य माहीत नव्हतं असं नाही लिहिलं. मला कारल्याचे सगळे गुण माहीत आहेत. आवड नाही म्हणून करत नाही."

विमलाबाई म्हणाल्या, हेच खरं प्रवचन झालं. मामाचा चेहरा जरा पडला.

पण पुढची ओळ मला खटकली. तिथं लिहिलं आहे की म्हणून देवच त्यांच्यावर भ्रम पाठवतो, लबाडी खरी वाटावी म्हणून. मी म्हटलं, मामा, हे काय? देवच भ्रम पाठवणार, वर देवच शिक्षा करणार. मग त्यांचा दोष काय?

मामानं चष्मा काढला. पुसला. "मला माहीत नाही. दर वेळी इथंच अडकतो."

मामाला एखादी गोष्ट येत नाही हे मी पहिल्यांदा पाहिलं. लाल टोपीवाल्याला सगळं येते.

१३ नोव्हें., गुरुवार

भैया एक बुश बोटात फिरवत माझ्या टेबलाजवळ आला. "यार, हाथ में ज़रा ढीला लग रहा है। देख तो।" मी त्याच्यासमोर लाल टोक लावलं. गेलं नाही. "देख लो भैया। आपका हाथ सही कि गेज?" तो म्हणे, "गेज ही सही होगा। हाथ का क्या है," आणि परत मशीनवर. मी शीटवर ओके लिहिलं.

टेबल पुसताना कोळ्याचं जाळं तोडलं. मग वाईट वाटलं, कोळी शोधत बसलो.

१७ नोव्हें., सोमवार

माल गिऱ्हाईकाकडून परत आला. पेट्याच्या पेट्या. भोकं मोठी. मालक चौरसियाजींनी स्वतः मोजून पाहिली, आठवडाभराचे जवळजवळ सगळे पीस बाद.

मी माझं गेज लावलं. लाल टोक जात नाही. म्हणजे पीस चांगला. मग त्यांच्या मोजण्यात मोठा कसा? टोकाच्या कडेवरून नख फिरवलं, नख अडलं. बारीक चढ आला आहे, डोळ्याला दिसत नाही एवढा. त्या चढामुळे लाल टोक कुठल्याच भोकात शिरत नाही. भोक कितीही मोठं असो, माझं गेज म्हणणार चांगलं.

तेव्हा आठवलं. सहावी निशाणी.

चौरसियाजींनी विचारलं, "तूने चेक किया था?"
"किया था। हर घंटे।" हे खरं आहे.
"फिर?"
"बीच में भैया का टूल सरक गया होगा।"

हे कुठून तोंडातून आलं, मला माहीत नाही. विचार करायला वेळसुद्धा लागला नाही.

सुटायच्या आधी पॉलिशच्या दगडावर लाल टोक हलकं हलकं घासलं. नख अडायचं थांबलं. परत आलेला पीस घेऊन लावून पाहिलं, लाल टोक लोण्यात जावं तसं आत.

आता गेज बरोबर बोलून राहिलं आहे.

१८ नोव्हें., मंगळवार

भैयाला काढलं.

तो म्हणाला, "साहब, मैंने इससे पूछा था। मुझे ढीला लगा था।" चौरसियाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एक बार पूछा था। तब ठीक था।" शीटवर ओके आहेच, माझ्या अक्षरात.

सुटल्यावर मी फाटकातून बाजूनं निघालो. मागून हॉर्न. "चल, छोड़ देता हूँ।"

मागं बसलो. नाल्याजवळ तारेवर कोणी नव्हतं. कोपऱ्यावर उतरवलं तेव्हा म्हणे, "कल से ऑटो देख लेना।" जसं रजेवर चालला आहे.

१९ नोव्हें., बुधवार

अभ्यासाला डोकं दुखते म्हणून आत पडून राहिलो. पडद्यातून सगळं ऐकू येते. मामा सांगत होता की तो फसवणारा देवळात बसणार, देवाच्या जागेवर. विमलाबाईंनी विचारलं, म्हणजे येरुशलेमच्या? मामा म्हणाला, मोठे लोक मोठ्या देवळाचं पाहतील, आपण आपलं घर झाडून ठेवावं.

मामी आत येऊन कपाळाला हात लावून गेली. "ताप तर नाही." तिच्या हाताला मटराचा वास.

२२ नोव्हें., शनिवार

पिशवी भरली. मामीला सांगितलं मित्राकडे जातो. मदन महल स्टेशन, इटारसीचं तिकीट. इटारसीहून कुठंही जाता येते, मी गेलेलो आहे.

फलाटावर एक माणूस बकरी घेऊन चढायला पाहत होता. टीसी म्हणे जनावर चालत नाही. तो म्हणे, साहब, ये सोती है पूरे रास्ते. टीसी म्हणे, और जागी तो? सगळा फलाट जमा झाला. कोणी म्हणे चादर ओढवा, कोणी म्हणे हाफ तिकीट काढा. मी इतका हसलो की डोळ्यात पाणी. तेवढ्यात गाडी सुटली. बकरी खालीच राहिली, आणि मीही.

मामी नेहमी म्हणते तुझं लक्ष भलतीकडे असते, एक दिवस त्यानंच घात होईल. दोन्ही झालं. त्यानंच घात झाला, आणि आज त्यानंच पळता आलं नाही.

खोवा-जलेबी घेऊन घरी आलो. मामी खुश. माझी मी तिच्या ताटात सरकवली.

२३ नोव्हें., रविवार

चर्चमध्ये मागं बसलो. प्रवचन कानावरून गेलं. मी त्या ओळीवर होतो, भ्रमाच्या.

असं वाटते. गेज पडलं ती चूक, कोणाच्याही हातून पडते. कळवलं नाही, ते दुसरं. त्यानंतर अकरा दिवस मी अगदी इमानदारीनं काम केलं. दर तासाला पीस घेतला, एकही ओके न तपासता लिहिलं नाही. आणि ते सगळं खोटं होतं. भैया समोर येऊन खरं बोलला, तर त्याच गेजनं मी त्याला खोटं ठरवलं. मला पटलंही होतं. हसू आलं होतं मला.

पडलेलं गेज देव हातातून हिसकून घेत नाही. तुला हेच पाहिजे का, तर वापर, असं म्हणतो. भ्रम पाठवणं म्हणजे हे असेल का?

पण मी तर घासून टाकलं. आता भ्रमसुद्धा नाही. आता मला सगळं स्पष्ट दिसते, आणि तरी…

मामाला विचारलं पाहिजे. विचारलं की सांगावं लागेल.

२६ नोव्हें., बुधवार

विमलाबाई आल्या नाहीत, त्यांच्याकडे पाहुणे. मामानं पुस्तक उघडलं तसं मी म्हटलं, मामा, माझ्या हातून गेज पडलं होतं.

मामानं पुस्तक मिटलं. मला वाटलं ओरडेल. "कोणत्या तारखेला?"

"सहा."

"किती उंचीवरून? खाली काय होतं?"

मी भैयाचं सांगायला लागलो, व्हिडिओचं, किती वाईट वाटून राहिलं ते. मामानं हात वर केला. "ते नंतर. फॅक्टरीत गेज पडलं की आम्ही आधी कागद भरायचो. कधी पडलं, कुठं पडलं, त्यानंतर कोणता माल गेला. कागद भरून गेज कपाटात बंद, मोजून येईपर्यंत. पडल्याबद्दल कोणाची नोकरी जात नव्हती. न सांगितल्याबद्दल जायची." मग विचारलं, "आता परत आलेल्या पीसात लाल टोक जाते की नाही?"

"जाते."

"आता जाते, आणि तेव्हा जात नव्हतं. काहून?"

एक्झामिनर आहे तो. मी खाली पाहिलं. मामीचे हात थांबले.

"घासलं," मी म्हटलं.

बाहेर भाजीवाला ओरडून गेला, मेथी पालक. मामी उठली, दाराशी गेली, भाजी न घेता परत आली.

"माझ्या नावावर लागला होतास तू तिथं," मामा एवढंच म्हणाला. मग वही पुढं केली. "लिही. काय झालं ते लिही. का झालं ते नको."

मी एक पान लिहिलं. मामानं दोन ओळी सोडून सगळं खोडलं. "हे वाईट वाटलं वगैरे. यानं कोणतं भोक मोजता येते?" परत लिहिलं. मालकांसाठी हिंदीत आहे, इथं मराठीत उतरवतो:

६ नोव्हेंबरला दुपारी दोनच्या सुमारास बुशचं गेज माझ्या हातातून काँक्रीटवर पडलं. मी कळवलं नाही. १७ तारखेपर्यंत तेच वापरलं. १३ तारखेला राकेश यांनी भोक ढिलं लागते असं सांगितलं, मी मानलं नाही. १७ तारखेला लाल टोकावर चढ सापडला, तो मी घासून काढला आणि राकेश यांच्यावर ढकललं. या तारखांमधला सगळा माल परत तपासावा.

खाली माझी सही. मामा म्हणे, पूर्ण नाव लिही.

२७ नोव्हें., गुरुवार

चौरसियाजींना कागद दिला, सोबत गेज. त्यांनी दोनदा वाचला. गेजच्या कडेवरून नख फिरवलं, जसं मी फिरवलं होतं.

"और जो माल पंपों में लग गया?"
मी तारखा परत सांगितल्या.
"राकेश?" मी विचारलं.
"सोमवार को आ।"
"राकेश भैया को तो…"
"सोमवार को आ, बोला न।"

कागद ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरला किल्ली.

घरी मामीनं विचारलं, "सांगितलं?" म्हटलं, हो. "बरं वाटलं?" म्हटलं, नाही. अजिबात नाही. ती म्हणे, "मग ठीक आहे. पहिल्या घासात कारलं कोणालाच आवडत नाही." आणि खरंच कारलं वाढलं. खाल्लं.

२९ नोव्हें., शनिवार

भैया फोन उचलत नाही, म्हणून घरी गेलो. अंगणात स्कूटर धुऊन राहिला होता. बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, कागदात होतं तसं, तारखांसकट.

त्यानं नळ बंद केला. "मतलब उस दिन मुझे जो ढीला लगा था, वो सही था?"

"सही था।"

"ढीला था?"

"हाँ भैया। ढीला था।"

हातातलं फडकं पिळत राहिला, पाणी संपलं तरी. "दस दिन से मैं अपनी उँगलियों को गाली दे रहा हूँ। घर में चूड़ी तक नाप के देखी, कि हाथ गया क्या मेरा।"

माझी नोकरी का घालवलीस, असं विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं ते विचारलंच नाही.

"चौरसियाजींनी सोमवारी बोलावलं आहे," मी सांगितलं. हिंदीत सांगायचं होतं, मराठीतच निघालं. त्याला कळलं.

"किसको?"
"मुझे। आपका मैंने पूछा, पर बोले नहीं।"

"अच्छा," तो म्हणाला. मग, "अब जा।" रागानं नाही. पण जा म्हणाला.

चालत आलो. वाटेत एका जागी डोंबाऱ्याचा खेळ लागला होता. थांबलो नाही, हे नंतर लक्षात आलं.

३० नोव्हें., आगमनाचा पहिला रविवार

पहिली मेणबत्ती लागली. मामानं पाळकसाहेबांना सांगून शास्त्रपाठ माझ्यावर टाकला. मी म्हटलं, मामा, या आठवड्यात मी? तो म्हणे, "मग कोणत्या आठवड्यात?"

वाचलं. सत्याच्या आवडीची ओळ आली तिथं आवाज जरा खाली गेला. विमलाबाईंनी नंतर सांगितलं, मोठ्यानं वाचत जा रे, मागं ऐकू येत नाही. त्यांना काही माहीत नाही. किंवा आहे. नर्सबाईंचं सांगता येत नाही.

घरी येताना भ्रमाच्या ओळीबद्दल मला काय वाटते ते मामाला सांगितलं. पडलेलं गेज, वगैरे. "असू शकते," मामा म्हणाला. "पण एका गोष्टीवरून सगळं कळलं असं समजू नको. तेही एक पडलेलंच गेज."

लाल टोपीवाल्याचा नवा व्हिडिओ आला आहे. पाहिला नाही. खोटं का लिहू, सुरुवातीचा थोडा पाहिला.

१ डिसें., सोमवार, सकाळ

कोपऱ्यावर उभा आहे. वही टपरीच्या फळीवर. आठ वाजून दहा. भैया मला इथूनच घ्यायचा, याच वेळेला.

त्याला मी बोलावलेलं नाही. तो येईल असं त्यानं म्हटलेलं नाही. त्याला कामावर परत घेतील की मलाही काढतील, की पंपात लागलेला माल शोधायला मलाच पाठवतील, चौरसियाजींच्या मनात काय आहे ते त्यांनाच ठाऊक. सकाळी निघताना मामानं विचारलं, पिशवी का घेतली नाहीस? टिफिनची म्हणत होता. मी दुसऱ्याच पिशवीचं समजून म्हटलं, नाही घेतली मामा, कपाटात आहे. त्यानं एकदा कपाटाकडे पाहिलं. मग मामी टिफिन घेऊन धावत आली.

टपरीवाला: "ऑटो निकल गया भैया, बैठे क्यों नहीं?" म्हटलं, आठ वीसपर्यंत पाहतो, मग पायी. पायी गेलो तर उशीर होईल. उशीर झाला तर तेही सांगता येईल.

आठ सतरा. वळणावर स्कूटरचा आवाज आहे. इथं सगळ्यांच्याच स्कूटरचा आवाज असा असतो. भैया म्हणायचा, मेरी वाली खाँसती है. ही खोकून राहिली आहे की काय, कळत नाही. मान वर केली नाही अजून. आधी ही ओळ पुरी…